ठिपका देवळावर, म्हस डोंगरापल्याड

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही जांबोटीकडचे, तालुका खानापूर. म्हसरं रानात चरायला सोडतो, कधीकधी दोन-दोन दिवस परत येत नाहीत म्हणून पोरानं गळ्यात रेडिओचे पट्टे बांधलेत आणि तीन ठिकाणी रिसीव्हर लावलेत. सिग्नलवरनं अंतर काढायचं, तीन वर्तुळं मारायची, मिळतील तिथं म्हस, असं तो म्हणतो. पण वर्तुळं मिळतच नाहीत बघा, परवा ठिपका आला गावातल्या देवळावर आणि म्हस सापडली डोंगरापल्याड. पैसे पाण्यात गेले काय?

उत्तर : नाही दादा, अजिबात नाही. पोरानं केलंय ते चांगलंच केलंय, फक्त हिशोब मोकळ्या माळावरचा लावलाय आणि म्हसरं आहेत जंगलात.

मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलनं (डेसिबल म्हणजे सिग्नलची ताकद मोजायचं माप) पडतो. दाट झाडीत तोच ९-१० नं पडू शकतो, त्यात मधे डोंगराची सोंड आली किंवा म्हस स्वतःच पट्ट्याच्या आड आली (अंगात पाणीच पाणी, ते सिग्नल पितं) तर आणखी खाली. रानात ८ डेसिबल इकडंतिकडं होणं काही विशेष नाही, आणि तेवढ्यानं काय होतं बघा, हिशोबात ५०० मीटर आलं तर खरं अंतर साधारण २७० ते ९२५ मधे कुठंही, तेही तीनातल्या दोन वेळा, तिसऱ्या वेळी त्याच्याही बाहेर! मग वर्तुळं मिळणार कशी?

म्हणून ठिपका मागूच नका. नकाशावर १००-१०० मीटरचे चौकोन पाडा आणि प्रत्येक चौकोनाला विचारा, म्हस इथं असती तर तिन्ही रिसीव्हरवर आज आलेत तसे आकडे यायची शक्यता किती? तिन्हींचा गुणाकार करा, आधीची माहिती पण गुणा, म्हणजे पाणवठा कुठं, तासाभरापूर्वी म्हस कुठं होती, एवढ्यात ती किती चालेल. थॉमस बेजचा १७६३ साली छापलेला शक्यतेच्या हिशोबाचा नियम तो हाच. ज्या चौकोनांचा आकडा मोठा तिथं आधी जायचं, नाही सापडली तर त्यांचा आकडा कमी करून परत मांडायचं.

एका रिसीव्हरला काहीच ऐकू आलं नाही, ही पण माहितीच आहे, ती टाकू नका, पण बॅटरी मेली असण्याची शक्यता पण धरा. एअर फ्रान्सचं विमान २००९ ला अटलांटिकमधे पडलं तेव्हा त्याच्या ब्लॅक बॉक्सवरच्या, शोधायला मदत म्हणून आवाज काढणाऱ्या यंत्रांचा आवाज ऐकू आला नाही म्हणून एक भाग मागं पडला होता, नंतर ती यंत्रंच बंद असतील असं धरून हिशोब परत केला आणि २०११ ला अवशेष त्याच भागात मिळाले.

आता काम पोराचं. एक पट्टा हातात घेऊन ४०-५० ओळखीच्या जागी फिरायचं, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं थांबून तिन्हीकडचे आकडे लिहायचे, नुसती सरासरी नको, किती वर-खाली होतात ते पण. तुमच्या रानाचा स्वभाव पुस्तकातल्या सूत्रात नाही, या वहीत येईल. पावसाळ्यात पानं भिजली की सगळेच सिग्नल एकदम पडतात, तेव्हा तिन्ही रिसीव्हर एकाच बाजूला चुकतात आणि गुणाकार उगीच जास्त खात्री दाखवतो, म्हणून उन्हाळ्याची वही वेगळी, पावसाळ्याची वेगळी.

आणि चौथा रिसीव्हर घेणार असाल तर गावात लावू नका, डोंगराच्या पल्याड लावा.