वरची धरणं भरलेली नसतानाही खडकवासल्यातून पाणी का सोडतात?

कारण पुण्याजवळच्या चार धरणांच्या साखळीत खडकवासला सगळ्यात खाली आणि सगळ्यात लहान आहे. साखळीची क्षमता साधारण २९ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यात खडकवासल्याचा वाटा जेमतेम २. पानशेत, वरसगाव, टेमघर अर्धी रिकामी असली तरी त्यांच्या खालच्या डोंगरांवर पडलेला पाऊस थेट खडकवासल्यातच येतो. ११,५७४ क्युसेकची (सेकंदाला तितके घनफूट पाणी) आवक दिवसभर टिकली की १ टीएमसी होतो, म्हणजे जोरदार पावसात ते भरायला दोन दिवसही लागत नाहीत. मग विसर्ग करावाच लागतो.

खाली पूर येतो त्यात माझ्या मते खरी चूक विसर्गात नाही, नदीपात्रात टाकलेल्या राडारोड्यात आहे. जुलै २०२४ मध्ये पुण्यात नदीकाठच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, ते विसरू नका. नदीकाठी राहत असाल तर विसर्गाचा आकडा रोज बघा आणि तो वाढताना दिसला की गाडी आधी वर हलवा.