स्थायी मिशनचा अभ्यास सुरू करताय? आधी एवढं करा

संयुक्त राष्ट्रांतल्या भारताच्या स्थायी मिशनचा, म्हणजे तिथल्या आपल्या कायमच्या प्रतिनिधी कार्यालयाचा, अभ्यास कुठून सुरू करावा, हा तुमचा प्रश्न आवडला, या विषयाकडे फार कमी जण वळतात.

पहिली गोष्ट, दूतावास आणि मिशन यांची गल्लत करू नका. वॉशिंग्टनमधला आपला दूतावास अमेरिकेशी व्यवहार करतो. न्यूयॉर्कमधलं स्थायी मिशन संयुक्त राष्ट्रांशी. पासपोर्ट-व्हिसाचं काम तिथल्या वाणिज्य दूतावासाकडे. जिनिव्हात तर जागतिक व्यापार संघटनेसाठी भारताचं वेगळंच मिशन आहे.

दुसरी चूक म्हणजे फक्त भाषणं बघत बसणं. खरं काम त्याआधी होतं: मसुद्यातल्या एकेका शब्दावर घासाघीस, इतर देशांची मनधरणी, दिल्लीहून सूचना मागवणं. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष ठरलं, त्याचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत मार्च 2021 मध्ये संमत झाला. मांडला भारताने, पण सोबत 70 हून जास्त देश होते. आपल्या ज्वारी-बाजरीसाठी एवढी मोट बांधणं सोपं नाही!

सुरुवातीला एवढंच करा:

- एकच ठराव निवडा. मसुदा आणि अंतिम मजकूर शेजारी ठेवून वाचा.
- मग मतदान बघा. भारत तटस्थ राहिला म्हणजे त्याला मत नाही, असं समजू नका. मतदानाबाबतचं स्पष्टीकरण, म्हणजे असं मत का दिलं हे सांगणारं त्या देशाचं निवेदन, वाचा, खरी भूमिका बऱ्याचदा तिथेच सापडते.

सुरक्षा परिषद, नकाराधिकार वगैरे सध्या बाजूला ठेवा. पहिला ठराव वाचून झाला की अडलेलं बिनधास्त विचारा.