बुरशी सोडू नकोस

नाशिक

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सावकाश वाचलं. एमएस्सीला निफाडच्या द्राक्षबागांतल्या मातीतून तू बुरशी वेगळ्या केल्यास. आता पीएचडी हृदयविकारावर, रेण्वीय जीवशास्त्रात करायची, म्हणून ते सगळं मागे टाकायचं असं तू जवळजवळ ठरवलं आहेस. ‘बुरशीवरच्या कामाचा इम्पॅक्ट तो काय?’ हे कुणाचं तरी वाक्य तुझ्या मनाला लागलेलं दिसतं. मला ते वाक्यच मान्य नाही. का, ते अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञाच्या कामावरून सांगतो.

एंडो हृदयरोगतज्ज्ञ नव्हते. 1933 साली उत्तर जपानमधल्या अकितात शेतकरी घरात जन्मले आणि लहानपणापासून बुरशीत रमले. 1957 मध्ये सांक्यो या औषध कंपनीत लागल्यावर त्यांच्याकडे आलेलं काम होतं फळांचा रस नितळ करणारं एन्झाइम शोधण्याचं. ते त्यांना मिळालं द्राक्षावर वाढणाऱ्या एका बुरशीत! ऑक्टोबर छाटणीनंतर आपले बागायतदार ज्या रोगांच्या धास्तीने फवारणीचा पंप खाली ठेवत नाहीत, त्याच दुनियेतून या माणसाची सुरुवात झाली. पुढे 1966 ते 1968 ते न्यूयॉर्कमध्ये होते. तिथला हृदयविकार पाहून कोलेस्टेरॉलचा प्रश्न त्यांच्या डोक्यात पक्का बसला.

आपल्या शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल शरीरच बनवतं, आणि त्याचा वेग एचएमजी-कोए रिडक्टेज या एन्झाइमवर ठरतो, एवढं तेव्हा कळलेलं होतं. एंडोंनी त्यापुढचा तर्क केला: अनेक सूक्ष्मजीवांनाही जगायला कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या याच साखळीतले पदार्थ लागतात, मग एखाद्या बुरशीने शत्रूला रोखायला हे एन्झाइम बंद पाडणारं रसायन बनवलं असेल. हे सुचायला बुरशीशी घरोबाच लागतो.

1971 पासून दोनेक वर्षांत त्यांच्या लहानशा गटाने सुमारे 6000 बुरशी तपासल्या. पद्धत साधी होती. उंदराच्या यकृताचा अर्क, किरणोत्सारी कार्बन असलेलं अ‍ॅसिटेट आणि वर बुरशीच्या कल्चरचा द्रव. स्निग्धद्रव्यं कमी बनली का, तेवढं पाहायचं. पहिला दमदार पदार्थ निघाला पिथियममधून, म्हणजे टोमॅटोच्या रोपवाटिकेत रोपं कोलमडवतो तोच. (आज पिथियमला खरी बुरशी मानत नाहीत, हे तुला सांगायला नको.) पण तो पदार्थ मूत्रपिंडाला घातक, म्हणून सोडून द्यावा लागला. मग 1973 मध्ये क्योतोतल्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीने कॉम्पॅक्टिन दिलं, म्हणजे पहिलं स्टॅटिन (हे एन्झाइम रोखून कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध).

यानंतरचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कॉम्पॅक्टिन उंदरांना दिलं, तर कोलेस्टेरॉल उतरेचना. आपल्याकडे इथे ‘परिणाम आढळला नाही’ असं लिहून प्रबंध बांधायला देतात. एंडो अडून राहिले, कारण एन्झाइम रोखलं जातंय हे परीक्षानळीत स्वच्छ दिसत होतं. मग प्राणीच चुकीचा निवडलाय का? 1976 मध्ये अंड्यावरच्या कोंबड्यांना ते दिलं आणि त्यांचं कोलेस्टेरॉल झपाट्याने खाली आलं. पाठोपाठ कुत्रे आणि माकडांमध्येही तेच दिसलं. उंदराच्या रक्तात एलडीएल (ज्याला ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणतात ते) मुळातच थोडं, आणि त्याचं यकृत रोखलेलं एन्झाइम आणखी बनवून भरपाई करतं. त्यामुळे औषध बरोबर असूनही उंदरात ते फसलं होतं.

तिकडे अमेरिकेत डॅलसमध्ये ब्राऊन आणि गोल्डस्टीन हे शास्त्रज्ञ एलडीएल रिसेप्टरवर, म्हणजे रक्तातलं एलडीएल पकडणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनावर काम करत होते. 1985 चं नोबेल त्यांना मिळालं. एंडोंचं कॉम्पॅक्टिन त्यांनी आपल्या पेशींवर वापरलं. स्टॅटिनने यकृतातलं उत्पादन घटलं की यकृत आपल्या पेशींवर रिसेप्टर वाढवतं आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेतं, ही उकल या सगळ्या कामातून झाली. सांक्योने मात्र 1980 मध्ये कॉम्पॅक्टिन थांबवलं. 1987 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली ती मर्क या कंपनीच्या लोव्हास्टॅटिन या स्टॅटिनला, आणि तेही बुरशीतूनच आलेलं. 1994 मध्ये 4444 हृदयरुग्णांवरच्या स्कँडिनेव्हियन चाचणीत सिम्व्हास्टॅटिन या आणखी एका स्टॅटिनने मृत्यूंचं प्रमाण 30 टक्क्यांनी घटवलं. एंडोंना 2008 मध्ये वैद्यकातला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला, नोबेल मिळालं नाही, आणि 2024 मध्ये ते गेले. रविवार कारंजावरच्या कुठल्याही मेडिकलमध्ये स्टॅटिनची पट्टी मिळते. इम्पॅक्ट मोजायचा असेल तर माझ्या मते तिथून मोजावा.

तेव्हा हृदयावर काम जरूर कर, पण हातातली विद्या घेऊन जा. गाईड निवडताना त्यांच्या पेपरांची संख्या बघत बसू नकोस. ‘तुमच्या लॅबमध्ये एखादा प्रयोग प्राण्यावर फसला, तेव्हा पुढे काय केलंत?’ एवढं विचार, आणि उत्तर नीट ऐक.

अर्ज भरण्याआधी अर्धं पान लिहून मला पाठव: कोणतं एन्झाइम, ते रोखलं तर कोणत्या रुग्णाला काय फरक पडेल, आणि तुझ्या बुरशीत असा पदार्थ असावा असं तुला का वाटतं. परीक्षा झाली म्हणून विभागातल्या फ्रीजमधली तुझी कल्चर कुणाला टाकून देऊ नकोस. ती नव्या स्लांटवर (नळीतल्या तिरप्या पोषक थरावर) घे, आणि प्रत्येकीवर कोणत्या बागेतली, कोणत्या महिन्यातली ही माती, ते लिहून ठेव.

तुझा,
सर