घास कोणी भरवला?

सातारा
श्रावणातला दुसरा रविवार

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. तुझ्या कुत्रीच्या, मोहरीच्या उलट्यांबद्दल फोनवर बोलणं झालंच होतं. पण पत्राच्या शेवटी, सही करून झाल्यावर, बारीक अक्षरात तू जे विचारलंस, "मावशी, मोहरीला कुणाला तरी देऊन टाकू का?", त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. म्हणून आज दुपारी कामं आटोपून बसले आहे.

देऊ नकोस.

कुत्रीमुळे घरात कुरबुरी होतात असं तू लिहिलंस. मला तुझ्या पत्रात त्याच्या उलट दिसलं. घरातली पाच माणसं एकमेकांशी जे बोलत नाहीत, ते सगळं त्या सात किलोच्या पोरीच्या पोटात जातंय. सासऱ्यांना डॉक्टरांनी तिखट बंद केलंय, ताटातला मटकीचा रस्सा टाकवत नाही, मग ते त्यात भाकरी कुस्करून तिच्यापुढे सरकवतात. आजेसासूबाई आपल्या पेल्यातलं अर्धं दूध तिला देतात, कारण रात्रीचं दूध नको झालंय हे सुनेला सांगायचा त्यांना संकोच वाटतो. तुझा नवरा उशिरा येतो आणि बिस्किटाचा पुडा फोडतो, कारण दिवसभरात तिच्यासोबतची तेवढीच पाच मिनिटं त्याच्या वाट्याला येतात. आणि तू रोज मोजूनमापून तिचं ताट वाढतेस आणि तरी पोट का बिघडतं म्हणून रडत बसतेस.

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर माझी सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात झाली, हे तुला माहीत आहे. शाळा सुटली की तू दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसायचीस. पण बेंदराच्या दुसऱ्या दिवशी तुला मी कधी येऊ दिलं नाही, आठवतं? त्या दिवशी आमच्याकडे श्वास घ्यायला उसंत नसायची. आदल्या दिवशी बैल धुतलेले, शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल, आणि पुढ्यात पुरणपोळ्यांची चवड. बैलाचं मोठं पोट वैरण आंबवण्यासाठी असतं. त्यात एकदम इतकं गोडधोड आणि पीठ पडलं की आंबण्याचा वेग वाढतो, पोटात आम्ल साठतं, रवंथ थांबतं, जनावर मान टाकतं. खायचा सोडा पाजून, सलाइन लावून काही उठायची, काही उठायची नाहीत. मालकाला विचारलं की तो म्हणायचा, "दोनच पोळ्या दिल्या, बाई." मग मागून घरधनीण म्हणायची, "दोन मी पण दिल्या." मग म्हातारी, मग पोरं, मग सणाला आलेला जावई. प्रत्येकाचं खरंच असायचं. बेरीज कुणी केलेली नसायची.

उपाशी ठेवलेली जनावरंही मी पुष्कळ पाहिली, दुष्काळात पाहिली. पण घरातली, लाडाची जनावरं दवाखान्यात आली ती बहुतेक मायेच्या हातानेच आजारी पडलेली.

आता माझ्याच घरचं सांगते. हे मी तुला आजवर सांगितलेलं नाही. २०११ साली आमच्याकडे सत्यनारायण होता. आमचा कुत्रा तांबू तेव्हा चार वर्षांचा. प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे, म्हणून ओट्यावर बेदाण्यांची वाटी काढून ठेवलेली. संध्याकाळी पाहुणे गेले आणि तांबूने दोनदा ओकारी केली. शिऱ्यामुळे असेल, की बेदाण्यांमुळे? द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. एखाद्याला मूठभर खाऊन काही होत नाही, दुसरा थोडक्यातच जातो, त्यामुळे सुरक्षित प्रमाण असं सांगताच येत नाही. मी घाबरले आणि घाबरलेली माणसं ओरडतात तशी ओरडले. "कुणी काय घातलं त्याला? खरं सांगा!" सगळे गप्प. सासूबाई म्हणाल्या, "मी नाही बाई." मुलगा नऊ वर्षांचा होता, तो अंथरुणात शिरला.

सकाळी तो उठून माझ्यासमोर उभा राहिला. चड्डीच्या खिशात हात घातला, चार चिकट बेदाणे काढले, त्यांना खिशातला कापूस चिकटलेला, आणि ते ओट्याच्या कडेला एकेक करून मांडले. "एवढेच राहिले," म्हणाला. बाकीचे तांबूने खाल्ले होते.

तास-दोन तासांत कळलं असतं तर उलटी करवून पोट रिकामं करता आलं असतं. बारा तास होऊन गेल्यावर सलाइनवर ठेवणं आणि लघवी होते का ते बघणं एवढंच हातात उरतं. तीन दिवस तो आमच्या पडवीत सलाइनवर होता, मुलगा त्याच्या शेजारी सतरंजीवर. तांबू वाचला, पुढे बरीच वर्षं जगला. पण ते बारा तास बेदाण्यांनी घालवले नव्हते, माझ्या आवाजाने घालवले होते.

म्हणून बाळ, पहिली गोष्ट ही कर. आज रात्री सगळे जेवायला बसतील तेव्हा सांग की मोहरीला कुणीही काहीही दिलं तरी मोठ्याने सांगायचं, आणि सांगणाऱ्याला कुणी एक शब्द बोलायचं नाही. तूसुद्धा नाही. सासऱ्यांनी "मी रस्सा दिला" म्हटलं की कपाळाला आठी पडू द्यायची नाही, "किती वाजता, किती?" एवढंच विचारायचं.

दुसरी गोष्ट डब्याची. तुझ्या लग्नात मी दिलेला तीन पुडांचा स्टीलचा डबा असेल. त्यातला सगळ्यात लहान पुडा मोहरीचा. रोज सकाळी तिच्या वरच्या खाऊचं जे काय असेल ते त्यात भरायचं: उकडलेल्या गाजराच्या चकत्या, लाल भोपळ्याच्या फोडी, बिनमिठाच्या भाकरीचे तुकडे, तुमच्याकडे श्रावण संपला की हाडं काढलेली उकडलेली कोंबडी. तिच्या दिवसभराच्या खाण्याच्या दहाव्या भागाहून हा खाऊ जास्त नको. आणि हा डबा तुझ्याकडे ठेवू नकोस. आजेसासूबाईंच्या हातात दे.

त्यांना आता घरात कुणी काही मागत नाही, हे तुझ्याच पत्रातून मला कळलं. किल्ल्या सासूबाईंकडे, हिशेब तुझ्या नवऱ्याकडे, आणि त्या खिडकीपाशी. मोहरीला घास द्यायचा तर ज्याने त्याने त्यांच्याकडे जाऊन मागायचा. सासऱ्यांनीही आईकडे हात पुढे करायचा. डबा रिकामा झाला की दिवस संपला. रात्री नवऱ्यासाठी दोन तुकडे बाजूला ठेवायला त्यांना सांग, त्या विसरणार नाहीत. त्यांनी तुला नामदेवांची गोष्ट सांगितली म्हणून लिहिलंस, कुत्रा भाकरी घेऊन पळाला आणि "देवा, कोरडी खाऊ नकोस" म्हणत नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले ती. फार मोठी गोष्ट आहे ती, आणि ज्या बाईच्या मनात ती आहे तिच्या हातून मोहरीचं वाईट होणार नाही. तूप मात्र मोहरीला नखभरच. जास्त स्निग्ध खाल्लं की कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. दुधाचं म्हणशील तर गावठी कुत्र्यांना पुष्कळदा पचतं, पुष्कळदा नाही. मोहरीला पचत नाही, ते दिसलंच. त्याऐवजी बिनमिठाचं ताक चालेल.

काय द्यायचं नाही ते कागदावर लिहून फ्रिजवर लाव. कांदा आणि लसूण कच्चे, शिजवलेले, वाळवलेले, कसेही नाहीत. कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. वजनाच्या अर्ध्या टक्क्याएवढा कांदा पोटात गेला की नुकसान सुरू होऊ शकतं, म्हणजे मोहरीला एक लहान कांदा पुरे. लसूण त्याहून तीव्र. आणि आपल्या साताऱ्याचा कांदा-लसूण मसाला म्हणजे दोन्ही वाळवून घट्ट केलेले, तेव्हा चमचाभर मसाल्यात किती कांदा मावतो ते तूच बघ. चॉकलेट नाही. साखर नसलेलं च्युइंगम नाही, त्यातल्या झायलिटॉलने कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते. शिजवलेलं हाड नाही, ते चिरफळ्या होऊन आतड्यात रुततं. द्राक्षं, बेदाणे, मनुका नाहीत. आणि चिंच. हे आमच्या वेळी आम्हालाही माहीत नव्हतं. २०२१ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी मांडलं की द्राक्षातला घातक भाग बहुधा टार्टरिक आम्ल असावा, आणि ते चिंचेत भरपूर असतं. चिंच खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडल्याच्या नोंदीही आहेत. तेव्हा आमटीची वाटी तिला चाटायला देऊ नका.

आता सासूबाई. कुत्री स्वयंपाकघरात नको हा त्यांचा आग्रह तुला दुष्टपणा वाटतो. मी त्यांच्या बाजूची आहे. मोहरी पाच महिन्यांची, म्हणजे दुधाचे दात पडून पक्के दात येण्याचं वय. हिरड्या शिवशिवतात आणि समोर येईल ते चावलं जातं. ओट्याखालची गॅसची नळी तिला चावायला अगदी बेताची आहे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो गळला तर वर जात नाही, फरशीवर पसरतो, आणि फरशीवर झोपलेली असते ती मोहरी. उद्याच नळी तपास, पाच वर्षं झाली असतील तर बदल. वास आला तर दिव्याचं बटण चालूबंद दोन्ही करायचं नाही, रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन.

उंबऱ्याबाहेर तिचं बसकर टाक आणि फोडणी होईतो तिने तिथेच बसायचं हे शिकव. बसली की लगेच घास, उठली की घास नाही. रोज पाच मिनिटं, एवढंच. ओरडून कुत्रं शिकत नाही, घाबरतं.

कुकरच्या शिट्टीला ती पलंगाखाली शिरते आणि लघवी करते असं लिहिलंस. त्यावर उपाय सोपा आहे, फक्त क्रम चुकवू नकोस. वरण-भात लावलास की उंबऱ्यापाशी तिच्याजवळ जमिनीवर बस, मुठीत गाजराची चकती. कुकर फुसफुसायला लागतो, तिचे कान मागे जातात, अंग तुझ्या मांडीला चिकटतं, तेव्हा काही द्यायचं नाही. शिट्टी होऊ दे. शिट्टी झाली की त्याच क्षणी चकती तोंडाशी. दुसरी शिट्टी, दुसरी चकती. घास आधी दिलास तर तिला वाटेल खाऊ दिसला की आता भयंकर काहीतरी होणार. आठ-पंधरा दिवसांत शिट्टी झाली की ती तुझ्या मुठीकडे बघेल. अजून दिवाळीला वेळ आहे. फटाक्यांच्या आधी हे जमायला हवं.

पुरणाचं वाचून मला वाईट वाटलं. जिवतीच्या शुक्रवारी पुरण पातळ झालं, सासूबाईंनी तुझ्या हातातून उलथनं घेतलं आणि न बोलता पुरण आटवलं, आणि तू ते मनाला लावून घेतलंस. अगं, नैवेद्याची वेळ टळत होती आणि त्यांनी चार माणसांत तुला काही म्हटलं नाही. मला वाटतं त्यांनी तुझी लाज राखली. डाळ शिजली की चाळणीत ओतून कट पूर्ण निथळू द्यायचा, घाई करायची नाही. गुळाला स्वतःचं पाणी सुटतं, म्हणून मध्ये पुरण सैल होतं आणि आपण घाबरतो. घाबरायचं नाही, मंद आचेवर हलवत राहायचं, मधोमध उलथनं उभं राहिलं की झालं. पण हे माझ्याकडून शिकू नकोस. पुढच्या शुक्रवारी त्यांना म्हण, "आई, कट किती काढायचा ते दाखवा." त्यांचा हात बघ. किती जोराने ढवळतात, कधी थांबतात, हे पत्रात मावत नाही.

मोहरीचं रेबीजचं इंजेक्शन तीन महिन्यांचं झालं का ते लिहिलं नाहीस. नसेल तर या आठवड्यात. जंताचं औषध सहा महिने होईतो दर महिन्याला. नसबंदीबद्दल सहा महिन्यांनंतर तिथल्या डॉक्टरांशी बोल. खेळताना तिचा दात कुणाला लागला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, आणि दवाखान्यात जायचं.

रस्सा तिने चार-पाच दिवस सलग खाल्ला असं सासऱ्यांनी कबूल केलं, हे त्यांचे माझ्या वतीने आभार मान. कांद्याचा त्रास लगेच दिसत नाही, तीन ते पाच दिवसांनीही दिसतो. तेव्हा पुढचा आठवडाभर रोज सकाळी, खिडकीच्या उजेडात, तिचा वरचा ओठ हळूच उचल आणि हिरडी बघ. मोहरी काळी असली तरी आत कुठे ना कुठे गुलाबी जागा सापडेल. तिथे अंगठा दाबून सोड, पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. फिकट वाटली, किंवा लघवी चहासारखी गडद झाली, तर माझ्या पत्राची किंवा फोनची वाट न बघता दवाखाना गाठ. आजेसासूबाईंना शेजारी बसव, त्यांनी तिचं डोकं धरावं.

पुढच्या रविवारी हिरडीचा रंग मला कळव.

तुझी,
डॉक्टर मावशी