'इतिहासाचे धडे' या चित्रपटातला तो माणूस इतका वेळ नुसती गाडी का चालवतो?

पहिल्या खेपेला गाडीच्या दुसऱ्या फेरीत मला चक्क डुलकी लागली होती, त्यामुळे तुमचा वैताग अगदी कळतो.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: श्ट्राउब आणि युइये या दिग्दर्शक जोडप्याने जर्मन नाटककार ब्रेख्तच्या, रोमन सेनानी ज्युलियस सीझरवरच्या अपुऱ्या राहिलेल्या कादंबरीवरून १९७२ साली हा चित्रपट केला. आजच्या कपड्यांतला एक तरुण टोगावाल्या (टोगा म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं रोमन वस्त्र) प्राचीन रोमनांना भेटून सीझरबद्दल विचारतो. बँकर, शेतकरी, वकील, कवी. सगळे जर्मन बोलतात, आणि नुसतं बोलतातच.

प्लूटार्क या प्राचीन ग्रीक चरित्रकारापासून चालत आलेली ती चाच्यांची गोष्ट आठवा. चाच्यांनी सीझरला पकडून २० टॅलेंट (चांदी मोजायचं जुनं वजन) खंडणी मागितली, तर सीझर हसून म्हणाला, निदान ५० तरी मागा. बँकर बागेत निवांत बसून तीच गोष्ट सांगतो, पण हिशेबाच्या वहीतून वाचल्यासारखी: कसले चाचे, गुलामांच्या व्यापारातली भांडणं होती ती! बरं, तो सीझरचं बिंग फोडायला बसलेला नाही. त्याला कौतुकच आहे त्या माणसाचं. पूर्वी सीझरचा सैनिक असलेल्या शेतकऱ्याकडे मात्र सीझरबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. त्याचं बोलणं जमिनीवर आणि गुलामांवर येतं. दोघांपैकी खोटं कुणीच बोलत नाही. ज्याचं जिथे गुंतलेलं, तेवढाच सीझर त्याला दिसला.

आता गाडी. कॅमेरा मागच्या सीटवर, समोर ड्रायव्हरची मान, काच आणि उघडं छत. रोमच्या बोळांतून अशा तीन फेऱ्या, प्रत्येक साधारण दहा मिनिटांची, कुठेही कट नाही. आवाज तिथलाच: गिअर, हॉर्न, कुणाची तरी हाक. (सबटायटल वाचण्यात मान खाली घालून बसलेल्या आपल्यासारख्यांना इथे पहिल्यांदा वर बघायची सवड मिळते.) मला वाटतं, फेऱ्या त्यासाठीच आहेत. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेलं रोम डोक्यात घोळत असतं आणि समोर माणसं हातगाडीला वाट करून देत असतात. जोडायचं काय ते आपण जोडायचं, नाहीतर झोपायचं.

शेवटी बँकर समाधानाने सांगतो की सीझरवर टाकलेला विश्वास वाया गेला नाही, आमची छोटी बँक आता छोटी राहिली नव्हती. लगेच पडद्यावर तोंडातून पाणी ओकणारा दगडी मुखवटा, आणि बाखचं संगीत. दुसऱ्यांदा बघताना तिथे मी टक्क जागा होतो.