पोरांना आधुनिक चित्रं दाखवायला नेताना

मुलगी सात वर्षांची, मुलगा अकराचा, येत्या रविवारी मुंबईत काळा घोड्याच्या एनजीएमएला, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात न्यायचंय, पण 'मलाच ही चित्रं कळत नाहीत, पोरांना काय सांगू?' अशी धास्ती वाटतेय, असं तुम्ही लिहिलंय. ताई, जरूर न्या. आणि काही सांगू नका. आधी माझ्या दोघांना आणि आता भाचरांना नेत आलेय, त्या अनुभवावरून सांगते.

आमची पहिली खेप या सांगण्यापायीच फुकट गेली. मी प्रत्येक चित्राशेजारची पाटी मोठ्याने वाचत पुढे, पोरं मागे. अर्ध्या तासात धाकट्याने जिन्यातच फतकल मारली, 'घरी चल'. पुढच्या वेळी मी पाट्या सोडून दिल्या. वासुदेव गायतोंडे यांचं एक चित्र लागलं होतं. त्यात माणूस नाही, झाड नाही, नुसता रंग. मुलगी त्याच्यासमोर मांडी घालून बसली. मी गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आई, याच्या खाली अजून एक रंग आहे. वरचा कुणीतरी पुसलाय." गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने, म्हणजे रंग पसरायच्या बोथट सुरीने, रंगाचे थर चढवायचे, उतरवायचे, हे मी नंतर कुठेतरी वाचलं. तिला ते नुसतं बघून दिसलं होतं!

तेव्हापासून मी 'हे काय आहे?' असं विचारतच नाही. त्याला एकच उत्तर असतं आणि ते आपल्याला यायलाच हवं, असं मुलांना वाटतं. 'हे कसं केलं असेल?' म्हटलं की ती जवळ जातात, वाकून बघतात. फक्त हात मागे बांधायची सवय घरूनच लावून न्या.

इमारतही दाखवा. १९११ साली बांधलेला हा सर कावसजी जहांगीर हॉल. पूर्वी इथे सभा आणि गाण्याचे जलसे व्हायचे. १९९६ पासून इथे चित्रं आहेत. मजले अर्धगोलाकार चढत घुमटापर्यंत जातात, मुलांना तो जिना फार आवडतो. वरून सुरुवात करून उतरत आलात तर शेवटी पाय कमी दुखतात.

इथे कायम तीच चित्रं नसतात, प्रदर्शनं बदलतात आणि मांडणी चालू असली की दालनं बंद असतात. निघण्यापूर्वी चौकशी करा. सोमवारी बंद. पोटभर खाऊन जा, तासाभरात बाहेर पडा. समोरच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मुलांचं वेगळं संग्रहालय आहे, छान आहे, पण ते दुसऱ्या दिवशी. एका दिवसात दोन्ही केलं की पोरांना काहीच आठवत नाही.

अकरा वर्षांचा मुलगा बहुतेक म्हणेल, 'हे तर मीपण काढीन.' त्याला दटावू नका. घरी आल्यावर भिंत रंगवून उरलेला रोलर, पुठ्ठा आणि दोन रंग त्याच्यापुढे ठेवा. आमच्या धाकट्याने गॅलरीत रद्दी पसरून अख्खी दुपार पाच पुठ्ठे रंगवले. तिसऱ्या पुठ्ठ्यावर खालचा पिवळा वरच्या निळ्यातून डोकावला, तेव्हा त्याने हाक मारून मला स्वयंपाकघरातून बोलावून घेतलं.