आठ तास अभ्यासिकेत आणि महिन्यात चार उत्तरे

पुण्यात राज्यसेवेची तयारी करणारी सव्वीस वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली (तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) आणि खुर्चीवर बसताच तिने फोनमधला स्क्रीन टाइम माझ्यापुढे धरला. रोजची सरासरी पावणेपाच तास होती. “मॅडम, हे व्यसन आहे का, एवढेच सांगा,” ती म्हणाली. हा प्रश्न मला फार जण विचारतात आणि बहुतेक जण तो असाच, आकडा पुढे करून विचारतात.

नुसत्या आकड्यावरून मी उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात गेमिंगच्या विकाराची नोंद आहे, ‘इंटरनेटचे व्यसन’ अशी वेगळी नोंद नाही. आणि गेमिंगच्या बाबतीतही तास मोजले जात नाहीत, तर ताबा सुटला आहे का, बाकीच्या गोष्टी मागे पडल्या आहेत का आणि नुकसान दिसत असूनही ते चालूच आहे का, हे पाहिले जाते. म्हणून मी तिला विचारले, “गेल्या महिन्यात तुम्ही किती उत्तरे लिहिलीत?” थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, “चार.”

ती रील्स पाहत नव्हती. टेलिग्रामवरचे अभ्यासगट, कटऑफची चर्चा, यशस्वी उमेदवारांच्या मुलाखती, चालू घडामोडींच्या पीडीएफ, असे सगळे अभ्यासाचेच होते, आणि म्हणूनच आपले काही चुकते आहे हे तिला वर्षभर कळले नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाल्यामुळे रोज स्वतःच्या हाताने पाने भरण्याला पर्याय उरला नव्हता. तिने मात्र उत्तरलेखन कसे करावे यावरचे व्हिडिओ कितीतरी पाहिले होते आणि उत्तरे चार लिहिली होती. करमणुकीत गेलेला वेळ माणसाला निदान टोचतो. कामासारख्या दिसणाऱ्या गोष्टीत गेलेला वेळ टोचत नाही, आणि माझ्या अनुभवात जास्त नुकसान त्यानेच होते.

फोन बंद करा, असे मी तिला सांगितले नाही. एक छोटी वही जवळ ठेवायची आणि फोन हातात घेताना वेळ व त्याआधीच्या क्षणी आपण काय करत होतो, एवढेच लिहायचे, असे ठरले. आठ दिवसांनी ती वही घेऊन आली तेव्हा एकच गोष्ट पुनःपुन्हा दिसत होती: वाचताना फोन फारसा हातात येत नव्हता, प्रश्न वाचून कोरे पान समोर घेतले की येत होता, किंवा पहिला परिच्छेद संपून पुढे काय लिहावे हे सुचेनासे झाले की येत होता. एका नोंदीत तर तिने स्वतःच लिहिले होते, “वाईट लिहिले जाईल असे वाटले.” मला जे विचारायचे होते ते तिच्याच अक्षरात समोर आले होते.

त्यात आणखी एक भर होती. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९मध्ये दाखवले की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळले की लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो. गटावरचा वाद अर्धा वाचून ही पुन्हा उत्तराकडे वळत होती, तेव्हा मन तिथेच रेंगाळत होते आणि ‘मला लिहिताच येत नाही’ हा समज पक्का होत होता.

मग आम्ही थोडेच बदल केले. सकाळी फोन अभ्यासिकेच्या लॉकरमध्ये ठेवायचा आणि दोन उत्तरे, कशीही झाली तरी, पूर्ण लिहून झाल्यावरच तो काढायचा. घरून वडिलांचा तातडीचा फोन आला तर काय, ही तिची काळजी खरी होती. अभ्यासिका चालवणाऱ्या काकांचा नंबर घरी दिल्यावर ती मिटली. गट तिने सोडले नाहीत, पण ते पाहण्याची वेळ रात्रीच्या जेवणानंतरची ठरवली. तिसऱ्या आठवड्यात निकालाच्या अफवेने दोन दिवस पुन्हा वाया गेले आणि ती रडत आली. ते दोन दिवसही आम्ही वहीत लिहिले.

झोप उडाली असेल, फोन बाजूला ठेवताच जीव घाबरत असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर वहीवर थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. या मुलीला त्याची गरज पडली नाही. दोन महिन्यांनी ती आली तेव्हा स्क्रीन टाइम साडेतीन तासांवर आला होता, पण तो तिने दाखवला नाही. पिशवीतून लाल शाईच्या खुणांनी भरलेली, तपासून घेतलेली एकसष्ट उत्तरे काढली.